काम चालू असेपर्यंत

धक्का बसलाच नाही, म्हणून तिने मान वर केली. बस पुलावर चढली कधी आणि उतरायला लागली कधी, कळलं नव्हतं. वळण संपताक्षणी तिच्या हातांनी मांडीवरची पिशवी आपसूक आवळून धरली होती, कारण लहानपणापासून अंगाला ठाऊक होतं की आता येणार. जुन्या पुलाच्या मधोमध एक सांधा होता आणि तिथे आख्ख्या बसचा खुळखुळा व्हायचा. पेंगणारे जागे व्हायचे, उभे असलेले एकमेकांच्या अंगावर जायचे, कुणीतरी पूल बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं, आणि मग सगळे न चुकता खिडकीबाहेर बघायचे. धक्का खाल्लेला माणूस आधी बाहेर बघतो. बाहेर ओढा असायचा. म्हणजे इतकी माणसं रोज येता-जाता ओढा बघायची ती काही ओढ्याच्या प्रेमाने नव्हे, पुलाच्या खोडीमुळे. नवा पूल मात्र गुणी होता. समोरच्या बाकावरचा माणूस मोबाइलमध्ये बघत होता, त्याने नजर उचलली नाही. कुणीच उचलली नाही. तिने तेवढी उचलली, खिडकीतून खाली बघितलं, आणि काठावर झाडं नव्हती.

आधी वाटलं, आपण चुकीच्या बाजूला बसलोय. तिने उठून पलीकडच्या खिडकीतून बघितलं, एका बाईच्या डोक्यावरून. त्या बाईने डोकं बाजूला घेतलं आणि हिच्याकडे असं बघितलं, जणू हिला उलटी होणार आहे. तिकडेही नव्हती. दोन्ही काठांना दगडी पायऱ्या होत्या, चकचकीत कठडा होता, ठरावीक अंतरावर दिवे होते आणि मधे अंथरलेली हिरवळ. पुढच्या थांब्यावर ती उतरली. बारक्याचं घर अजून एक थांबा पुढे होतं, पण ती उतरली आणि उलट दिशेने चालत निघाली.

"पुलावरून येऊ नकोस," बारक्या फोनवर म्हणाला होता. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नाव पडलं तेव्हा बारका होता, आता दारातून आत येताना अंग चोरतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. "बाहेरच्या रस्त्याने ये ताई. लांब पडेल, पण तिकडूनच ये." बाहेरचा रस्ता. हा शब्द त्याच्या तोंडून तिने वर्षभरात पहिल्यांदा ऐकला. बोलला एकदाचा, असं तिला वाटलं. बाबा गेल्यापासून तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. त्याने घर डोक्यावर घ्यावं, तिला नाही नाही ते बोलावं, असं तिला कितीदा वाटलेलं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. तो गप्पच राहिला. तिला घरी मात्र त्याने एकदाही बोलावलं नाही. "तू कशाला धडपडत येतेस, मीच येतो," म्हणायचा आणि यायचा, चहा प्यायचा, जायचा. ती काय समजायचं ते समजली होती. आता पुढची खोली भाड्याने द्यायची होती, बाबांच्या यंत्राचं आणि बाकड्याचं काय करायचं हे तिला येऊन सांगावं लागणार होतं, म्हणून हे बोलावणं. आणि त्यातही हा टोमणा. मग ती मुद्दाम पुलावरून आली.

रस्ते खात्यात तिची खुर्ची पहिल्यापासून अडगळीतली. पूल बांधणारे वेगळे, रस्ते करणारे वेगळे. ही बघायची ते पाणी. जिथे खात्याचं काम ओढ्यानाल्याला आडवं जाई तिथे उकरलेली माती पाण्यात जाऊ नये, डिझेलची पिंपं काठावर ठेवू नयेत, काठाची झाडं तोडू नयेत, हे बघायचं. म्हणजे ज्या कामावर सगळे उड्या मारत निघालेले असत त्या कामावर जाऊन "हे नको, ते नको" म्हणायचं. तोंडावर तिला काठाच्या बाई म्हणत. पाठीमागे 'काठावर पास' म्हणत, हेही तिच्या कानावर होतं, आणि तिला तो विनोद बरा वाटायचा. उगाच का खोटं बोला, खात्यातल्या तिच्या बऱ्याच कामांचा निकाल तसाच लागलेला होता. ती लिहायची, वरून सही व्हायची, आणि ठेकेदार त्याला हवं तेच करायचा. पालथ्या घड्यावर पाणी. मग जुना पूल पाडून नवा बांधायचं ठरलं, आणि तो नेमका तिच्या ओढ्यावरचा पूल निघाला.

पूल पाडायचा तर मधल्या काळात माणसांनी जायचं कुठून? ठेकेदाराचं उत्तर तयार होतं. ओढ्यात चार मोठे पाइप आडवे टाकायचे, वर माती भरायची, झाला कच्चा रस्ता. काम संपलं की पाइप उपसायचे, माती जाईल वाहून. सगळीकडे असंच करतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण तो कच्चा रस्ता दोन्ही बाजूंनी उतरणार होता तो वाळुंजांच्या रांगेतून. वाळुंज हे झाड पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाढतं. त्याच्या मुळ्यांची जाळी काठाची माती धरून ठेवते, त्या जाळीत मासे अंडी घालतात, वरच्या फांदीवर खंड्या बसतो. ती झाडं गेली की काठ गेला, आणि काठ गेला की ओढ्याचं गटार व्हायला फार दिवस लागत नाहीत. तिने नाही म्हटलं. आपणच नाही म्हटलं हे तिला स्वतःलाही क्षणभर खरं वाटेना. मोठे साहेब चष्मा काढून म्हणाले, "बाई, ओढा आहे. नदी नाही." ती म्हणाली, "नदी कशाची होते साहेब?" कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "आणि माणसं? माणसांनी काय करायचं?" टेबलावर नकाशा पसरलेला होता. तिने त्यावर बोट ठेवलं आणि फिरवलं: शहराच्या कडेने, गोदामांवरून, रेल्वेच्या फाटकातून, पुन्हा आत, मोठ्या रुग्णालयाच्या अलीकडे. "माणसांना बाहेरचा रस्ता आहे," ती म्हणाली. बोट फिरायला कितीसा वेळ लागतो.

ती जिंकली. सगळ्या नोकरीत ती एवढंच जिंकली, हे सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रस्ता बंद झाला, पाइप टाकले नाहीत, आणि कामाच्या अटींमध्ये तिने स्वतःच्या हाताने लिहिलं की काम चालू असेपर्यंत काठाच्या पट्ट्यातलं झाड तोडू नये, माती उकरू नये, त्यात वाहन नेऊ नये. खात्यात सगळे असंच लिहितात. खात्याचा अधिकार कामावर, तेव्हा अटही कामापुरती. तिच्या आधीच्या माणसाने असंच लिहिलं होतं आणि त्याच्या आधीच्यानेही. तिने पट्टा मोजून खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, उताराच्या तळाशी जाड कापडाची आडोशाची भिंत उभी केली, तिची खालची कड मातीत पुरून घेतली, पुढे पेंढ्याच्या वळकट्या लावल्या. कामावरची माणसं चेष्टा करायची, "तो पट्टा म्हणजे बाईंचं माहेर, चपला काढून जा." त्यांना ठाऊक नव्हतं, पण पलीकडच्या काठावरून वर जाणाऱ्या गल्लीत तिचं माहेर खरंच होतं. पाडलेल्या पुलाशेजारी कामगारांसाठी फळ्यांचा एक चिंचोळा पूल टाकला होता. त्यावरून ती रोज ये-जा करायची. बाकीच्यांना त्यावर मज्जाव होता आणि तशी पाटी होती. बाहेरच्या रस्त्याने ती स्वतः एकदाही गेली नाही. तशी वेळच आली नाही.

रोज सकाळी ती ओढ्याचं पाणी बघायची. हातभर लांब काचेची नळी, तळाशी अर्धी काळी अर्धी पांढरी चकती. नळी ओढ्याच्या पाण्याने भरायची, वरून एक डोळा मिटून दुसऱ्याने आत बघायचं, आणि खालची तोटी सोडून चकती दिसेपर्यंत पाणी कमी करत जायचं. जितकं पाणी काढावं लागेल तितकं ते गढूळ. एवढा मोठा पूल पाडला जात होता, यंत्रं धाडधाड करत होती, आणि तिच्या नळीत बहुतेक सकाळी काठोकाठ पाण्यातून ती चकती स्वच्छ दिसायची. काळं काळं, पांढरं पांढरं. तिला आनंद व्हायचा. कचेरीच्या कामातून माणसाला असा आनंद होऊ शकतो हे तिला पन्नाशीला कळलं. एक डोळा मिटून वाकलेली असताना तिला कधी कधी वाटायचं की आपण बाबांसारख्या दिसत असणार.

बाबा चष्म्यांची भिंगं घासायचे. पुढच्या खोलीत यंत्र, त्यावर लोखंडी वाट्या, काही फुगीर, काही खोलगट. वाटीत पूड आणि पाणी, त्यावर काच, काचेवर बाबांची बोटं. काचेची आणि पुडीची दुधासारखी लापशी व्हायची, ती न्हाणीतून गल्लीच्या गटारात, गटारातून ओढ्यात. लहानपणी ती त्या पांढऱ्या पाण्याबरोबर पळत जायची, ते ओढ्यात कुठवर पांढरं राहतं हे बघायला. वाळुंजाच्या मुळ्यांपर्यंत एक पांढरी रेघ दिसायची, मग नाही. म्हणजे ज्या ओढ्यासाठी ती पुढे साहेबांशी भांडली त्यात पहिली घाण तिच्याच घराची होती, आणि तिला ती त्या वयात सुंदर वाटायची. घरात नियम एकच होता: बाबा कामात असताना हाक मारायची नाही. हात हलला की भिंग गेलं. आई म्हणायची, "या घराला आग लागली तरी आधी भिंग खाली ठेवू द्यायचं, मग सांगायचं." एकदा ओढ्यात बाटलीच्या काचेने तिचा पाय कापला. बारक्याने तिला धरून आणलं आणि दोघं पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिली. रक्त फरशीवर चाललेलं, बारक्या हुंदके गिळतोय, आणि बाबा एक डोळा मिटून काच उजेडाला धरून बघताहेत. त्यांनी भिंग खाली ठेवलं तेव्हा दोघं दिसली. "हाक का नाही मारलीस?" ते ओरडले. पाय धुतला, बांधला, तिला उचलून बाकड्यावर बसवलं. मग बऱ्याच वेळाने, यंत्राकडे परत वळताना, हळूच म्हणाले, "बरं केलंस." ती ते कितीतरी दिवस मिरवत होती.

त्या सकाळी पाणी फार स्वच्छ होतं. ती फळ्यांच्या पुलाखाली, अलीकडच्या काठाला वाकलेली होती. पलीकडून भोंगा ऐकू आला. तिने मान वर केली तर गल्लीतून एक रुग्णवाहिका आली, थेट बंद रस्त्याच्या अडथळ्यापर्यंत, आणि थांबली. पहारेकऱ्याने हात हलवून नाही नाही केलं. गाडी मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली, त्या अरुंद जागेत तिला वळायला वेळ लागला. तिच्या मनात काय आलं ते तिला शब्दन्‌शब्द आठवतं, आणि त्या आठवणीचा तिला स्वतःच्या अंगाच्या वासासारखा वीट आलेला आहे. तिच्या मनात आलं की गल्लीच्या तोंडाशी लावलेला 'रस्ता बंद'चा फलक ठेकेदाराच्या माणसांनी पुन्हा पाडून ठेवलेला दिसतोय, आज त्याची हजेरी घ्यायला हवी. मग तिने डोळा परत नळीला लावला. चकती दिसत होती. भोंगा दूर दूर जात राहिला, गोदामांच्या दिशेने. तिने पाणी ओतून दिलं आणि नळी पुसली.

फोन दुपारी आला. छातीत दुखायला लागलं होतं, बारक्याने गाडी बोलावली होती, बाबा रुग्णालयाच्या दारात गेले. ते रुग्णालय ओढ्याच्या अलीकडच्या बाजूला, पुलावरून दिसेल इतकं जवळ. लवकर पोचले असते तर, असं तिने डॉक्टरांना विचारलं, आणि डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." हे तीन शब्द तिने इतक्यांदा उलटेपालटे करून बघितले की त्यांचा अर्थच झिजून गेला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने गल्लीच्या तोंडाशी एकाऐवजी दोन फलक लावले, भलेथोरले, रात्रीसुद्धा दिसतील असे. बैल गेला आणि झोपा केला. गाडी आपण बघितली होती, हे तिने कुणालाही सांगितलं नाही. चार कामगारांना नुसती हाक मारली असती तरी त्यांनी स्ट्रेचर उचलून फळ्यांवरून अलीकडे आणलं असतं, आणि खात्याची जीप तिथेच उभी होती. हे तर तिने स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत तिने बदली मागून घेतली, जिथे पाण्याच्या थेंबाचाही संबंध येणार नाही अशा टेबलावर. पुलाच्या उद्‌घाटनाला गेली नाही. त्यानंतर पुलावरून आली नाही. पण रोज कधीतरी, भाजी चिरताना, जिना चढताना, अंथरुणात, ती मनातल्या मनात एक हिशेब मांडायची: बाबा गेले, पण झाडं आहेत. हिशेब लाजिरवाणा होता. बापाच्या बदल्यात झाडं कोण मोजतं? पण त्याच्यावर डोकं टेकून तिला झोप लागायची, आणि माणसाला झोपावं लागतंच.

आता ती पायऱ्यांवर उभी होती आणि एक माळी नळीने हिरवळीवर पाणी मारत होता. तिने विचारलं, "इथली झाडं कधी तोडली?"

"कुठली झाडं?" मग त्याला आठवलं. "हां, ती वाळुंजं होय. झाले की बरेच दिवस. पूल चालू झाला आणि लगेच आमचं काम निघालं."

"ती तोडायची नव्हती."

"नव्हतीच ना," माळी म्हणाला. त्याने पाणी बंद केलं. बोलायला कुणी मिळाल्याचा त्याला आनंद झालेला दिसला. "पुलाचं काम चालू असेपर्यंत हात लावायचा नाही, असं लिहून आलेलं होतं. कुणी बाई होत्या म्हणे रस्तेवाल्यांकडे, फार कडक. आमच्या उद्यान खात्याची तयारी केव्हाची झालेली, पण साहेब म्हणाले, नियम तो नियम, थांबा. थांबलो. एक फांदी तोडली नाही बघा. काम संपलं, फीत कापली, मगच कुऱ्हाड लावली."

त्याने हे अभिमानाने सांगितलं आणि तिला त्याचा राग येईना. त्यांनी तिचं ऐकलं होतं. उभ्या नोकरीत कुणी तिचं इतकं अक्षर न्‌ अक्षर ऐकलं नव्हतं. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथे वैद्यानेच लिहून ठेवलं होतं की मला अमुक दिवसापर्यंतच जिवंत ठेवा. ते तीन शब्द गाळले असते तरी चाललं असतं. ते तिने का लिहिले? कारण सगळे लिहितात. तिने पाण्याकडे बघितलं. ते पायऱ्यांच्या खालच्या कडेला घासून चाललं होतं, चहाच्या रंगाचं, आणि पायऱ्यांखालची माती आताच खचायला लागली होती. दोन पावसाळ्यांत हा दगड पाण्यात उतरेल, हे तिला समजत होतं. समोर एक चकचकीत फलक होता, त्यावर ओढ्याशी मैत्री करा असं लिहिलेलं होतं आणि एका झाडाचं चित्र होतं.

"आता लोकांना बसायला छान झालं," माळी म्हणाला. बाकांवर कुणीच बसलेलं नव्हतं.

बारक्या दारातच उभा होता. त्याने आधी तिच्या चपलांकडे बघितलं. त्यांना हिरवळीची ओली माती लागलेली होती.

"पुलावरून आलीस?"

"हो."

"तुला सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "टोमणा कळला मला. वर्षभर पोटात ठेवलास, फार झालं. आता काय बोलायचंय ते बोलून टाक."

"कसला टोमणा?" बारक्याचा चेहरा लहानपणी दिसायचा तसा दिसायला लागला, चोरी नसताना पकडल्यासारखा. "अगं झाडं, ताई. झाडं दिसली असती तुला. म्हणजे नसलेली." तो आत वळला, पुन्हा बाहेर वळला. "तोडायला लागले तेव्हा मी जाऊन भांडलोसुद्धा. मला कोण विचारतो. म्हटलं, हिला कळता कामा नये. बाबा तर गेलेच, निदान तेवढं तरी हिच्याकडे राहू दे. म्हणून तर तुला इकडे येऊ देत नव्हतो. आज येणं भागच होतं, म्हणून म्हटलं बाहेरच्या रस्त्याने ये."

ती पुढच्या खोलीत जाऊन बाकड्यावर बसली. वर्षभर ती ज्याला शिक्षा समजत आली होती ती माया होती, आणि माया शिक्षेहून जड निघाली. शिक्षा भोगता येते. हिचं काय करायचं? भावजय चहा ठेवून गेली, पाठीवर हात ठेवून. यंत्रावर धूळ होती. लोखंडी वाट्या फडताळात ओळीने पालथ्या घातलेल्या होत्या, बाबांनी घातल्या होत्या तशाच. भंगारवाला सगळं उचलायला तयार आहे, बारक्या सांगत होता, तुला काही हवं असलं तर बघ. तिने एक खोलगट वाटी उचलली, बोट फिरवलं. आत अजून पांढरी पूड बसलेली होती. ती पुसून तिने वाटी होती तिथे ठेवली. "देऊन टाक," ती म्हणाली.

निघताना बारक्या म्हणाला, मी सोडतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. उजवीकडे पूल दिसत होता, रिकामा, चार मिनिटांचा. त्याने सवयीने तिकडचा दिवा लावला.

"बाहेरच्या रस्त्याने घे," ती म्हणाली.

"आत्ता? अगं संध्याकाळची गर्दी असेल. कशाला?"

"घे ना, बारक्या."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि दिवा बदलला. नकाशावर हा रस्ता म्हणजे एक सुबक वळण होतं. प्रत्यक्षात तो संपेनाच. आधी बाजाराची कोंडी, मग एक मोठा खड्डेवाला पट्टा, तिथे गाडी एका बाजूला कलंडायची, मग दुसऱ्या. धक्के बसत होते आणि प्रत्येक धक्क्याला ती छातीवर हात दाबून धरत होती, तिच्या छातीत काही नव्हतं तरी. गोदामं आली. गोदामांच्या दारात मालट्रक आडवे उभे होते, त्यातला एक मागे घेत होते, सगळे थांबले. पुढे रेल्वेचं फाटक आलं आणि ते बंद होतं.

बारक्याने इंजिन बंद केलं. डबे जात होते, एकामागून एक, मालगाडीचे.

"त्या दिवशीही बंद होतं?" तिने विचारलं.

"हो."

ती डब्यांकडे बघत म्हणाली, "मी बघितली होती गाडी. पुलाशी. वळताना. तुम्ही आहात आत हे मला ठाऊक नव्हतं, पण बघितली होती. आणि परत खाली बघितलं."

"माहीत आहे," बारक्या म्हणाला. त्याचे दोन्ही हात चाकावर होते. "आम्हाला दिसलीस ना तू. पिवळं जाकीट घातलेलं, नळीत बघत होतीस. बाबा उशी उंच करून बसलेले होते, त्यांनाच आधी दिसलीस. मी काच खाली करून हाक मारणार होतो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, नको हाक मारू तिला. कामात आहे ती."

शेवटचा डबा गेला. फाटकाची दांडी लगेच वर गेली नाही.

"मग तू हाक का नाही मारलीस?" ती ओरडली. "का नाही मारलीस रे हाक?"

दारात उभं राहून हुंदके गिळायला बारक्या जिच्याबरोबर शिकला होता तीच त्याला विचारत होती. तिचा पाय कापला त्या दिवशी बाबा असंच ओरडल्यानंतर बऱ्याच वेळाने आणखी दोन शब्द बोलले होते. ते दोन शब्द तिला ठाऊक होते, त्याला ठाऊक होते, आणि गाडीत बसून तो त्यांचीच वाट बघत होता. ते तिच्या तोंडून निघेनात. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या तेव्हा तिने वर बघितलं. फाटक उघडलेलं होतं, आणि अजून अर्धा रस्ता बाकी होता.